नवा लोडर घेताना तो आधी उतरवून दाखवायला सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शेती पुरवणीत छोट्या ट्रॅक्टरला पुढून लोडर, म्हणजे माल उचलून भरणारे बकेटचे हात, बसवून शेणखत भरण्याचा प्रश्न कसा सुटला, यावरचा लेख वाचला. लेखात खोटे काही नाही. खत भरायला माणूस मिळत नाही, मिळाला तर दुपारनंतर थांबत नाही, आणि उकिरड्यावरून पाटीने ट्रॉली भरायचे काम शेवटी घरातल्या पन्नाशीपुढच्या माणसांच्याच अंगावर येते. तेव्हा लोडर आला हे चांगलेच झाले. पण लोडर चढवला, खत भरले, मजुरी वाचली, एवढ्यावर लेख संपला. खत संपल्यावर त्या लोडरचे काय करायचे यावर एक ओळही नाही. विकणारेही त्यावर बोलत नाहीत, म्हणून हे पत्र. लांबले तर कात्री लावा, पण पिना आणि प्रेशरचा भाग कृपया ठेवा.

मी शासकीय आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक ट्रॅक्टर’ या ट्रेडचा निदेशक होतो. निवृत्तीनंतर दिंडोरी तालुक्यात घरची द्राक्षबाग पाहतो. ट्रॅक्टर बिघडला की गावातली पोरे अजून आमच्याच ओट्यावर येतात, त्यामुळे कंपनीच्या पुस्तकात काय लिहिलेले असते आणि बांधावर काय चालते, हे दोन्ही नजरेसमोर असते.

आमच्याकडे लोडरचे खरे काम वर्षातून दोनदा. एक एप्रिलच्या खरड छाटणीच्या आगेमागे आणि दुसरे ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी, चाऱ्या खतमातीने भरताना. मधल्या सगळ्या काळात तोच ट्रॅक्टर फवारणीच्या ब्लोअरला जुंपलेला असतो. ऑक्टोबरनंतर भुरी आणि डावणी हे बुरशीचे रोग डोके वर काढतात तेव्हा फवारणीला उसंत नसते. बागेत दोन ओळींमधले अंतर आठ-नऊ फूट, ओळीच्या टोकाला तारांचे ताण, आणि तिथेच वळायचे. छोटा ट्रॅक्टर आपण घेतो तोच मुळी या वळणासाठी. त्याला पुढे लोडर लावला की नाक तीन-चार फुटांनी लांबते. मग एका झटक्यात वळणारा ट्रॅक्टर दोन-तीनदा पुढे-मागे करावा लागतो, बकेटचा कोपरा कधी ताणाला लागतो, कधी ठिबकची नळी उचलतो.

वजनाचे वेगळेच. २४-२५ एचपीच्या ट्रॅक्टरला बसणारा लोडर रिकामाच दोन-अडीचशे किलोच्या घरात जातो. ते सगळे पुढच्या एक्सलवर. स्टिअरिंग जड होते, पुढचे टायर कडेने झिजतात, किंगपिनचे बुश आणि हबचे बेअरिंग लवकर आवाज करू लागतात, आणि ओल्या काळ्या जमिनीत तेच वजन दर फवारणीला मुळ्यांशेजारून फिरते. चार महिने न लागणारे लोखंड ट्रॅक्टरच्या गळ्यात बांधून बागेत हिंडण्यात शहाणपण नाही, हे सांगायला निदेशक लागत नाही.

तरीही माणसे हिंडतात. का, तर उतरवायची भीती. आणि ती अनाठायी नाही.

लोडर दोन प्रकारचे येतात. एक, ट्रॅक्टर कंपनीने त्या मॉडेलसाठीच बनवलेला. त्याला स्वतःचे पाय असतात, म्हणजे घडी होणारे स्टँड. माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. त्याच्याकडे २५ एचपीच्या आतला छोटा ट्रॅक्टर आहे. हिवाळ्यात लोडरने बर्फ सारायचा आणि उन्हाळ्यात लोडर उतरवून गवत कापायचे, असे त्याचे चालते. एकटा माणूस, हातात पाना नाही, आणि चहा गार व्हायच्या आत लोडर बाजूला. तिकडे जॉन डिअर, कुबोटा यांच्या छोट्या ट्रॅक्टरांचे लोडर याच हिशेबाने बनतात, कारण घेणारा मुळातच विचारतो की हा निघतो कसा.

दुसरा प्रकार आपल्याकडचा, वेल्डिंगच्या दुकानात बनलेला. त्याची निंदा करायची नाही. आमच्या भागातल्या फॅब्रिकेटरांचा हात चांगला आहे आणि किंमतही शेतकऱ्याला झेपेल अशी असते. पण बहुतेकांना स्टँड नसतो. ब्रॅकेट, म्हणजे लोडर धरणारा लोखंडी आधार, चेसिसला बोल्टने पक्का, लोडरचे हात ब्रॅकेटला बोल्टने पक्के. उतरवायचा म्हटले की चिंचेच्या फांदीला चेन ब्लॉक अडकवतात, दोघे जण हात धरतात, एक जण खाली वाकून बोल्ट काढतो आणि चौथा सूचना देतो. फांदीने किती वजन पेलावे याचा हिशेब कोणाकडेच नसतो. हे प्रकार बंद व्हायला हवेत. लोडरखाली किंवा लोडर आणि ट्रॅक्टर यांच्या मध्ये माणूस असताना काहीही सुटता कामा नये.

आता प्रत्यक्ष काम. प्रत्येक बनावटीत थोडा फरक असतो, सोबतचे पुस्तक असेल तर तेच प्रमाण. पण मूळ गोष्ट सगळीकडे एकच आहे. लोडर माणसाने उचलायचा नसतो. तो स्वतःच्या तेलाच्या जॅकच्या जोरावर स्वतःला उचलतो आणि ट्रॅक्टरपासून सुटा होतो. हे एकदा डोक्यात बसले की बाकीचे आपोआप जुळते.

जागा सपाट आणि टणक हवी. सिमेंटचे खळे किंवा शेडचा ओटा उत्तम. मातीवर सोडायचाच असेल तर बकेट आणि स्टँड दोन्हींखाली जाड फळ्या घाला, कारण पहिल्या पावसात स्टँडचा पाय चार बोटे रुतला तरी लोडर तिरका होतो, आणि परत चढवताना एका बाजूचे भोक जुळते, दुसऱ्या बाजूचे जुळत नाही. बकेट रिकामी हवी. मागे रोटाव्हेटर किंवा वजनाची पेटी जोडलेली असेल तर ती लोडर उतरेपर्यंत तशीच राहू द्या. लोडर चालवताना मागचे चाक जमिनीला धरून ठेवते ते हेच वजन. लोडर चढवतानाही आधी मागचे वजन, मग लोडर. याचा उलटा भाग फारसा कोणी सांगत नाही. लोडर बसवताना बंपरवरची पुढची वजने बऱ्याचदा काढून ठेवलेली असतात. लोडर उतरवल्यावर ती परत लावली नाहीत आणि मागे रोटाव्हेटर उचलला, तर चढावर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर सरळच जातो.

बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून मगच उतरा, आणि स्टँड खाली सोडून त्याची खीळ लावा. आता लोडर ब्रॅकेटला अडकवून ठेवणाऱ्या पिना. माझे सांगणे सोपे आहे: पिन बोटांनी निघाली पाहिजे. अडली की लोकांचा हात हातोडीकडे जातो. पण बहुतेक वेळा पिन गंजलेली नसते, लोडरचे वजन अजून तिच्यावर टेकलेले असते. अशी पिन ठोकून काढली तर सुटताक्षणी लोडरचा सांगाडा उसळतो किंवा दबतो, आणि पुढच्या खेपेला त्या भोकाची कड वाकलेली असते. हातोडी ठेवून द्या. परत सीटवर बसा, इंजिन आयडलवर सुरू करा, जॉयस्टिक केसभर हलवून बकेट किंचित आत-बाहेर फिरवा. पिनेच्या टोकाकडे पाहत राहिलात तर ती सैल झालेली दिसते. दोन बाजूंच्या पिना एकदम सैल होतीलच असे नाही, आधी एक, मग दुसरी. इंजिन पुन्हा बंद, मग हात. भोक जुळले का हे पाहायला बोट घालायचे नाही. टॉर्च लावून पाहा, नाहीतर जुना पेचकस घाला. हे मी वर्गात इतक्यांदा सांगितले आहे की माझे जुने विद्यार्थी हे वाचून हसतील.

पिना निघाल्या की त्याच जॉयस्टिकने बकेट फिरवली म्हणजे लोडरचा मागचा खांब ब्रॅकेटमधून वर उचलला जातो आणि वजन स्टँडवर जाते. आता पाइप सोडायचे, आणि घाईने नुकसान होते ते इथे.

लोडरच्या पाइपात तेलाचा दाब साधारण दीडशे बारच्या आसपास असतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. इंजिन बंद केले म्हणून तो दाब गेला असे नसते. किल्ली बंद, लोडर जमिनीवर, आणि जॉयस्टिक चारही दिशांना दोन-तीनदा नेऊन आणायची. आतला दाब टाकीत परततो आणि लिव्हर ढिली लागते. ही पायरी गाळली तर दोन गोष्टी होतात. कपलर, म्हणजे पाइप जोडायचे तोंड, सोडताना तेल तोंडावर उडते, ही पहिली. दुसरी लगेच कळत नाही. दाब आत कोंडून राहतो, लोडर शेडबाहेर उन्हात पडतो, तेल तापून फुगते, आणि ऑगस्टमध्ये परत चढवायच्या वेळी कपलर काही केल्या बसत नाही. मग कपलरची चोच दगडावर आपटून तेल काढायचा प्रयोग होतो. ते करू नका. चोच बिघडते, आतला झडपेचा गोळा तिरका बसतो आणि पिचकारी कुठे जाईल ते सांगता येत नाही. लोडर सावलीत घ्या, रात्रभर निवू द्या, सकाळी बहुतेक वेळा बसतो. तरी नाहीच बसला तर पाइपाचा नट पान्याने अगदी सावकाश, कापड गुंडाळून, तोंड बाजूला करून ढिला करा, आणि हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्या.

दाबाखालचे तेल बारीक छिद्रातून सुटले तर इंजेक्शनच्या सुईसारखे कातडीखाली शिरते. वरून टोचल्याएवढी खूण दिसते, रक्तही फारसे येत नाही, आणि माणूस हात पुसून कामाला लागतो. तेल आत पसरत राहते आणि बोट काढायची वेळ येऊ शकते. हळद लावून थांबायची ही जखम नाही. तासाभरात सर्जन असलेल्या रुग्णालयात जा आणि ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगा. गळती शोधायला हात कधीही फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. पुठ्ठा ओला झाला की जागा सापडली.

पाइप चार असतात: उचलायचा, उतरवायचा, बकेट आत घ्यायचा, बाहेर टाकायचा. सोडायच्या आधी प्रत्येक जोडीला दोन्हीकडे एकाच रंगाची टेप लावा. लाल, पिवळी, निळी, हिरवी, गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. रंग नसला की पुढच्या वेळी वर ढकललेली लिव्हर लोडर खाली आणते, आणि हे समजते तेव्हा बकेट हवेत असते. सोडलेल्या तोंडांना टोप्या घाला. ट्रॅक्टरचे हायड्रोलिक आणि गिअरबॉक्स बहुधा एकाच तेलावर चालतात, त्यामुळे कपलरवरची माती तिथल्या तिथे राहत नाही, पंपापर्यंत फिरून येते. पाइप लोडरवर गुंडाळून ठेवा, जमिनीवर लोळवू नका.

फॅब्रिकेटरकडून लोडर घेतलेल्यांनी पुढचे नीट वाचावे. अशा लोडरवर वरच्या चार पाइपांऐवजी बऱ्याचदा फक्त दोनच पाइप ट्रॅक्टरमधून येतात, एक पंपाकडून येणारा आणि एक परत जाणारा, आणि व्हॉल्व्ह लोडरवरच बसवलेला असतो. आपल्या बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत इंजिन चालू असले की तेल सतत फिरतच राहते. लोडर व्हॉल्व्हसकट काढला आणि ते दोन पाइप तसेच सोडले, तर कपलर आतून बंद होतो आणि पंपाला तेल ढकलायला वाटच राहत नाही. जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह किंचाळतो, तेल तापते, मागचे हायड्रोलिक उचलत नाही, आणि रिलीफची सोय पंपाजवळ नसेल तर पंपाचे घर तडकते. उपाय स्वस्त आहे: त्या दोन टोकांना जोडणारा हातभर पाइप, दोन्हीकडे कपलर असलेला, बनवून घ्यायचा आणि किल्ली फिरवायच्या आधी जोडायचा. ‘लोडर काढल्यापासून हायड्रोलिकच गेलं बघा सर’ म्हणत जे ट्रॅक्टर माझ्याकडे येतात, त्यांत हा पाइप नसणे हेच कारण बऱ्याचदा निघते. एकाने तर त्यापायी हायड्रोलिकचे झाकण उघडून सील बदलले होते.

मग ट्रॅक्टर सरळ मागे घ्या, हळू, एकही पाइप अडकलेला नाही हे पाहून. सुटा लोडर पोराबाळांना झोका वाटतो आणि जनावरांना अंग घासायला खांब, म्हणून बकेट सपाट टेकलेली आणि भोवती दोरी हवी. जॅकचे चकचकीत रॉड बाहेर राहत असतील तर त्यांना ग्रीस चोपडा. द्राक्षवाल्यांनी तर नक्कीच, कारण बोर्डोचा मोरचूद त्या रॉडवर बसला की खड्डे पडतात आणि प्रत्येक खड्डा तेलाचे सील कापतो.

चढवताना क्रम उलटा. एकच गोष्ट वेगळी, ट्रॅक्टर अगदी सरळ आत न्यायचा. जराही तिरका गेला तर बाहेर काढून परत न्या, लोडर पहारीने सरकवत बसू नका. ब्रॅकेट खांबाजवळ आले की थांबा, इंजिन बंद करून पाइप रंगाला रंग लावून जोडा, मग आयडलवर जॉयस्टिकने खांब खाली-वर करून ब्रॅकेटमध्ये बसवा. मदतनीस असेल तर त्याने बाजूला, चालकाला दिसेल असे उभे राहायचे, मध्ये नाही. पिना घालून त्यांच्या क्लिपा लावल्या, स्टँड वर घेतले, की लोडर रिकामाच पूर्ण वर-खाली चार-पाच वेळा करा म्हणजे पाइपातली हवा निघते. नंतर तेलाची पातळी पाहा, लोडर जमिनीवर ठेवून. पहिल्या दिवसाच्या कामानंतर ब्रॅकेटचे बोल्ट एकदा आवळा, ते ढिले झालेले असतात.

एवढ्या सगळ्याला सवयीच्या माणसाला अर्धा तासही लागत नाही. म्हणूनच विकणाऱ्यांविषयी तक्रार आहे. डिलिव्हरीच्या दिवशी नारळ फुटतो, बकेट वर जाते, फोटो निघतो. उतरवून कोणी दाखवत नाही. आमच्या नात्यातल्या एकाने मुद्दाम विचारले तेव्हा ‘काढायचा कशाला, राहू द्या की’ असे उत्तर मिळाले. त्याच्यासोबतचे पुस्तक इंग्रजीत होते आणि त्यातली चित्रे दुसऱ्याच मॉडेलची.

घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी एक अट घालावी: तुमच्याच माणसाने, आमच्या अंगणात, आमच्या ट्रॅक्टरवरून लोडर एकदा उतरवून परत चढवून दाखवायचा, आणि दुसऱ्यांदा आम्ही करणार, तुम्ही बघायचे. स्टँड, रंगाचे पाइप, टोप्या आणि वर सांगितलेला जोडपाइप पावतीवर लिहून घ्या. फॅब्रिकेटरला स्टँड म्हणजे चौकोनी नळीचे दोन तुकडे आणि दोन पिना, लोडरच्या किमतीत ते कुठे लपूनही जाईल.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात शेती अवजारांची चाचणी होते. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी आणि प्रशिक्षणाची संस्था १९५५ पासून आहे. आमच्या भागात बनणारा लोडर यातल्या कुठे तपासायला गेल्याचे मी ऐकलेले नाही. तो जाईल तेव्हा जाईल. तोवर कृषी विज्ञान केंद्रांनी ट्रॅक्टरचालकांच्या प्रशिक्षणात एक सकाळ लोडर काढण्या-घालण्याला द्यावी. नांगर आणि रोटाव्हेटर जोडणे शिकवतात, तिथेच हे बसते.

दिंडोरी, निफाड, चांदवडकडच्या कोणा फॅब्रिकेटरला आपल्या लोडरला पाय लावायचे असतील, तर स्टँडचे रेखाचित्र मी फुकट काढून देतो. फक्त मापे घ्यायला लोडर ट्रॅक्टरसकट आणावा. नुसती मापे फोनवर सांगू नयेत, ब्रॅकेटची उंची प्रत्येक मॉडेलला वेगळी असते.

कळावे.

आपला वाचक,
एक निवृत्त आयटीआय निदेशक व द्राक्ष बागायतदार,
ता. दिंडोरी, जि. नाशिक